दोन मंजूर औषधं मिळून तिसरं मंजूर होत नाही
औषध महानियंत्रकांना खुलं पत्र

मा. औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना,
कोटला रोड, नवी दिल्ली



एप्रिल २०२५ मध्ये आपल्या कार्यालयानं सगळ्या राज्यांच्या औषध नियंत्रकांना एक पत्र धाडलं. सोबत ३५ संयुक्त औषधांची यादी होती. केंद्राची मंजुरी नसताना यांना उत्पादनाचे परवाने मिळालेच कसे, असा पत्राचा सूर होता आणि त्यांचं उत्पादन, विक्री व वितरण थांबवण्याची सूचना होती. नोटिसांना कंपन्यांनी काय उत्तर दिलं तेही त्यात आलं आहे: आमच्याकडे राज्याचा परवाना आहे, आम्ही कुठलाच नियम मोडलेला नाही. हे वाचून मला राग कमी आणि कंटाळा जास्त आला. तारीख आणि आकडा तेवढा बदलून हाच प्रकार याआधी अनेकदा झालेला आहे.

मी औषधशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. फार्मसीच्या मुलांना शिकवण्यात नोकरी गेली. त्या विषयाचं जे अगदी पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे, त्याच्या जोरावर आपल्याला लिहितो आहे. आपल्याला ते ठाऊक नाही असं मुळीच नाही. पण हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार आहे, आणि ज्याच्या पोटात ही गोळी जाते त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

मुलांना मी एक काम हमखास द्यायचो. घरातली कुठलीही एक पट्टी आणा आणि तिच्या मागचं बारीक अक्षर भिंग लावून वाचा. दहांतल्या निम्म्या पट्ट्या अंगदुखीच्या निघत, आणि त्यांत एक त्रिकूट ठरलेलं असे: अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, सेराशिओपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम. पहिली दोन वेदनाशामकं. तिसरं सुजेवरचं म्हणून घातलेलं विकर, एका जिवाणूपासून मिळवलेलं. विकर म्हणजे प्रथिन. जठरात जाऊन ते पचू नये म्हणून त्यावर खास आवरण चढवावं लागतं. एवढं करून ते सूज उतरवतं का? जपानमध्ये हे औषध वर्षानुवर्षं विकणाऱ्या मूळ कंपनीनंच नव्यानं चाचणी घेतली, खोट्या गोळीपेक्षा त्यात काही जास्तीचा फायदा दिसला नाही, आणि २०११ मध्ये कंपनीनं ते जपानच्या बाजारातून स्वतःहून काढून घेतलं. आपल्याकडे ते गुडघेदुखीपासून दात काढल्यानंतरच्या सुजेपर्यंत सगळीकडे चालू आहे.

त्याच पट्टीतल्या पॅरासिटामॉलचं पाहा. ते ३२५ का, ५०० का नाही? कारण यकृताला इजा होऊ नये म्हणून संयुक्त गोळीतल्या पॅरासिटामॉलला वरची मर्यादा घालून दिलेली आहे. मर्यादा योग्यच. पण ही पट्टी घेणारा माणूस तापासाठी वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतो, सर्दीसाठी तिसरी घेतो, आणि त्या तिसरीतही पॅरासिटामॉल असतंच. तीन नावं, तीन रंग, आत औषध एकच. दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा अशी नकळत जवळ येते. दारू घेणाऱ्याच्या किंवा आधीच यकृत दुखावलेल्या माणसाच्या बाबतीत धोक्याची रेघ त्याच्याही अलीकडे असते. ‘यात काय काय आहे?’ असं मेडिकलच्या काउंटरवर विचारणारं गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिलं.

औषधशास्त्राचे मूळ प्रश्न दोनच. औषध शरीराचं काय करतं, आणि शरीर औषधाचं काय करतं. लोकांना पहिला प्रश्न सुचतो, घोळ दुसऱ्यात होतो. गोळी गिळल्यावर ती आतड्यातून शोषली जाते, तिथलं रक्त आधी यकृतात जातं, यकृत तिच्यातला काही भाग मोडून टाकतं, आणि उरलेला भाग शरीरभर फिरतो. मग मूत्रपिंड आणि यकृत मिळून तो हळूहळू बाहेर काढतात. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला आम्ही वर्गात सरळ हाफ लाइफ म्हणायचो. गोळी दिवसातून एकदा घ्यायची की तीनदा, हे ठरवताना तो आकडा सगळ्यांत आधी पाहावा लागतो. ही वाट प्रत्येक औषधाची वेगळी असते, आणि त्याच औषधाची मुलात, म्हाताऱ्यात, मूत्रपिंड थकलेल्या माणसातही वेगळी असते.

या वाटेवरच एखादं औषध कसं संपतं याचा नमुना सर्दीच्या जवळजवळ प्रत्येक गोळीत आणि पातळ औषधात सापडतो. फिनाइलएफ्रिन हे त्याचं नाव. नाकात थेंब घातले तर नाक मोकळं करणारं हे औषध आहे, त्याबद्दल वाद नाही. पोटातून घेतलं की त्याचा बहुतेक भाग आतड्याच्या भिंतीतच मोडला जातो आणि नाकापर्यंत पोचायला फारसं काही उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीतल्या सोळाच्या सोळा सदस्यांनी सांगितलं की तोंडावाटे दिलेलं फिनाइलएफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही. पुढच्या वर्षी त्या प्रशासनानं ते दुकानातून काढण्याचा प्रस्ताव मांडला. तिकडे ते आलं कसं, हेही सांगण्यासारखं आहे. आधी स्यूडोएफेड्रिन वापरलं जाई आणि ते काम करी. पण त्यापासून नशेचं द्रव्य बनवलं जाऊ लागलं म्हणून त्याच्या विक्रीवर बंधनं आली, आणि रिकाम्या झालेल्या जागी फिनाइलएफ्रिन बसवलं गेलं. बदल झाला तो पोलिसी कारणानं. नाकाचा त्यात संबंध नव्हता.

आता दोन औषधं एकाच गोळीत कोंबली की काय होतं ते पाहू. सेफिक्झिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन. दोन्ही उत्तम प्रतिजैविकं. सेफिक्झिमचं हाफ लाइफ ३ ते ४ तास. अ‍ॅझिथ्रोमायसिनचं सुमारे ६८ तास, शिवाय ते पेशींत साठून राहतं. म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन तीन ते पाच दिवस दिलं की पुरतं, गोळ्या संपल्या तरी शरीरात त्याचा अंमल पुढं काही दिवस राहतो. सेफिक्झिम बऱ्याच आजारांत आठवडाभर किंवा जास्त द्यावं लागतं. एकाच गोळीत दोन्ही असली तर डॉक्टरांनी किती दिवस लिहायची? पाच दिवसांनी थांबवली तर सेफिक्झिम अर्धवट. दहा दिवस चालवली तर अ‍ॅझिथ्रोमायसिन विनाकारण, आणि त्याची ती लांब शेपटी, कमी प्रमाणात रेंगाळणारी, जंतूंना प्रतिकार शिकवायला अगदी सोयीची. आमटीत मीठ जास्त पडलं तर ते वेगळं काढता येत नाही, तशी यातली मात्रा एकट्यापुरती कमी-जास्त करता येत नाही.

ही जोडी २०१६ च्या बंदीच्या यादीत होती; त्या बंदीबद्दल पुढं लिहितोच. तिची बाजू घेणारे टायफॉइडचं नाव पुढं करतात: एक औषध पेशीच्या आतल्या जंतूंवर जातं, दुसरं बाहेरच्या. कल्पना म्हणून हे अजिबात टाकाऊ नाही. एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनपेक्षा ही दोन एकत्र दिली तर टायफॉइडच्या रुग्णाला खरोखर फायदा होतो का, हे पाहायला भारतासह दक्षिण आशियातल्या चार देशांत रीतसर चाचणी हाती घेतली गेली. कधी? तर आपल्याकडे या जोडीच्या गोळ्या कितीतरी वर्षं खपून गेल्यानंतर. आधी विक्री, मग यादी, मग कोर्ट, आणि सगळ्यांत शेवटी तपासणी. माझी तक्रार नेमकी या क्रमाबद्दल आहे.

गैरसमज नको. संयुक्त औषध म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. कंपवातासाठी दिलं जाणारं लेव्होडोपा घ्या. एकटं दिलं तर मेंदूपर्यंत शंभरातले एक ते तीन भागच पोचतात, बाकीचं वाटेतच डोपामिन होऊन मळमळ आणि उलट्या घडवतं. सोबत कार्बिडोपा दिलं की ते वाटेतला हा बदल रोखतं, स्वतः मात्र मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपाची मात्रा त्यामुळे चौथाईवर आणता येते. कार्बिडोपाला एकट्याला काही काम नाही, पण जोडीत त्याच्यावाचून चालत नाही. को-ट्रायमॉक्साझोलमध्ये तर हिशेब आणखी देखणा आहे. ट्रायमेथोप्रिमला जोडीदार म्हणून सल्फामेथॉक्साझोल निवडलं, कारण दोघांचं हाफ लाइफ साधारण दहा तासांचं. जंतूंवर सर्वाधिक मारा होतो तो रक्तात १ ला २० या प्रमाणावर. पण ट्रायमेथोप्रिम शरीरात जास्त पसरतं, म्हणून गोळीत प्रमाण ठेवलं १ ला ५. गोळी गिळल्यावर शरीरच ते १ ला २० वर आणून ठेवतं. वर्गात हे फळ्यावर मांडताना शेवटच्या बाकावरचंही पोर मान वर करायचं.

आणि मुंबईच्याच एका कंपनीनं जगाला दिलेली गोळी कशी विसरता येईल? २००१ मध्ये सिप्लानं एचआयव्हीवरची तीन औषधं एका गोळीत आणली आणि वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा मूळ कंपन्यांचा तोच उपचार दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत लाखो माणसं त्या मार्गानं जगली. तिथं एकत्र करण्याला कारण होतं: एकेकट्या औषधाला विषाणू पटकन जुमानेनासा होतो, आणि तिन्ही औषधं रोज, चुकवल्याविना पोटात जायला हवीत.

क्षयाच्या गोळीचंही तसंच. रिफॅम्पिसिन १५०, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम, चारही एकत्र. गोळी ठरावीक असली तरी संख्या वजनावर ठरते: २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. पाड्यावरची आशाताईसुद्धा तो तक्ता पाहून गोळ्या मोजून देऊ शकते. पण या आदर्श जोडणीतही एक खोट होती, आणि ती शोधून काढावी लागली. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड जठरातल्या आम्लात एकत्र आले की रिफॅम्पिसिनचं विघटन वाढतं. गोळी नीट बनलेली नसेल तर पट्टीवर लिहिलेले १५० मिलिग्रॅम रक्तात पोचत नाहीत. म्हणून या गोळ्यांची रक्तातली पातळी मोजून दाखवावी लागते. चार मंजूर, नावाजलेली, पन्नास वर्षं वापरातली औषधं, आणि तरीही एकत्र आल्यावर पुन्हा परीक्षा. क्षयाच्या गोळीला जो नियम लागतो तो सर्दीच्या गोळीला का लागू नये, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

नवं औषध कसं तयार होतं हे लोकांना ढोबळमानानं ठाऊक असतं. शरीरातलं नेमकं लक्ष्य शोधायचं, त्याला चिकटणारा रेणू घडवायचा, प्राण्यांवर त्याची विषारीपणाची पातळी पाहायची. मग माणूस. आधी वीस ते शंभर निरोगी स्वयंसेवक, तेही मुख्यतः सहन होतं का आणि शरीर त्याचं काय करतं हे पाहायला. मग काहीशे रुग्ण, मात्रा बसवायला. मग काही हजार रुग्ण, सध्याच्या उपचाराशी किंवा खोट्या गोळीशी तुलना करून, कुणाला काय दिलंय हे डॉक्टरलाही कळू न देता. दहा-पंधरा वर्षं जातात. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतलं जेमतेम एक बाजारात येतं. उरलेली नऊ वाया गेली असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, ती वेळेत अडवली गेली.

पैसा कमी असला की हे जमत नाही, असंही नाही. १९४९ साली परळच्या केईएममधल्या डॉ. रुस्तम वकिलांनी सर्पगंधेवरचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. हे मूळ वैद्यांना शतकानुशतकं माहीत होतं. वकिलांनी उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, औषध द्यायच्या आधीचा दाब लिहिला, नंतरचा लिहिला, दुष्परिणाम लिहिले. त्या निबंधामुळे जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं आणि पुढं तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. आजच्या मापानं ती चाचणी तोकडीच, खोट्या गोळीशी तुलनाही नव्हती. तरी एका औषधाबद्दल एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर आकड्यांत मांडलेलं होतं, आणि कुणालाही ते वाचता येत होतं. आपल्या बाजारातल्या कित्येक जोडगोळ्यांच्या नावावर एवढंही सापडत नाही.

कायदा कमी पडतो म्हणावं, तर तसंही नाही. आधीच मंजूर असलेली दोन औषधं पहिल्यांदा ठरावीक प्रमाणात एकत्र आणली की ते ‘नवं औषध’, असं आपले नियम सांगतात. २०१९ च्या नियमांतही ते आहे. मंजुरीनंतर चार वर्षं ते नवंच राहतं आणि त्या काळात मंजुरी देण्याचा अधिकार फक्त आपला. पण उत्पादनाचा परवाना देतं राज्य. एका राज्यानं परवाना नाकारला तर कंपनी दुसऱ्या राज्यात जाते. एकदा गोळी बाजारात आली की ‘इतकी वर्षं चालूच आहे की’ हाच पुरावा होऊन बसतो. संसदेच्या स्थायी समितीनं मे २०१२ च्या ५९ व्या अहवालात हे स्वच्छ लिहिलं आहे. त्यानंतर राज्यांनी परस्पर परवाने दिलेल्या जोडण्यांची सुरक्षितता सिद्ध करा, असं कंपन्यांना सांगण्यात आलं, आणि सहा हजारांहून जास्त अर्ज येऊन पडले. सहा हजार! ते तपासायला बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे यांची समिती नेमली गेली. (त्यांचं वनौषधींवरचं जाडजूड पुस्तक फार्मसीच्या दोन-तीन पिढ्यांनी रात्री जागून घोकलेलं आहे.) समितीच्या शिफारशीवरून १० मार्च २०१६ रोजी ३४४ जोडण्यांवर बंदी आली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दिल्ली उच्च न्यायालयात ४५४ याचिका. डिसेंबर २०१६ मध्ये बंदी रद्द, आणि कारण वैद्यकीय नव्हतं: कायद्यातल्या तांत्रिक सल्लागार मंडळाला विचारलं नाही म्हणून. मग सर्वोच्च न्यायालय, मग त्याच मंडळाची उपसमिती, डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या अध्यक्षतेखाली. त्याही केईएमच्याच. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ जोडण्यांवर पुन्हा बंदी. म्हणजे एवढा खल होऊन निष्कर्ष जवळजवळ तोच निघाला, मधल्या अडीच वर्षांत गोळ्या मात्र खपत राहिल्या. २०२३ मध्ये आणखी १४. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. आमच्या पिढीला हे नवीन नाही. गर्भधारणा तपासायच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जादा मात्रेच्या जोडीवर १९८२ मध्ये बंदी आली, कंपन्यांनी स्थगिती मिळवली, आणि महिला संघटना व लोकविज्ञानसारखे गट रस्त्यावर उतरून ती प्रत्यक्षात यायला १९८८ उजाडलं.

या बाबतीत अमेरिकेतलं पॅनाल्बाचं प्रकरण आपल्या कार्यालयातल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला वाचायला द्यावं. टेट्रासायक्लिन आणि नोव्होबायोसिन या दोन प्रतिजैविकांची ती जोडगोळी, १९५७ पासून जोरात चाललेली. थॅलिडोमाइडच्या धक्क्यानंतर १९६२ मध्ये तिथला कायदा बदलला, आणि औषध नुसतं सुरक्षित असून भागणार नाही, ते काम करतं हेही दाखवलं पाहिजे, असं ठरलं. मग जुन्या औषधांची छाननी झाली. तज्ज्ञांनी पॅनाल्बा काढा असं एकमतानं सांगितलं. कंपनीच्याच जुन्या अभ्यासात दिसलं होतं की जोडीत दिल्यावर रक्तातली पातळी ही औषधं सुटी दिल्यापेक्षा कमी भरते. तरी कंपनी कोर्टात गेली. म्हणणं ओळखीचं होतं: हजारो डॉक्टर विश्वासानं लिहितात. १९७० मध्ये न्यायालयानं तो मुद्दा फेटाळला. औषध खूप खपतं म्हणून ते परिणामकारक आहे हे सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा आशय. गोळी बाजारातून गेली. आपल्याकडे पंचावन्न वर्षांनंतरही कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, डॉक्टरांसमोर बसून तोच मुद्दा सांगतो, हातात पेन-स्टँड देऊन.

कंपन्यांना जोडगोळी का आवडते हे समजणं अवघड नाही. अत्यावश्यक यादीतल्या औषधाला २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानं कमाल किंमत घातलेली असते. त्यात दुसरं काही मिसळलं की ते उत्पादन बहुधा त्या यादीच्या बाहेर जातं. शिवाय पॅरासिटामॉल विकणारे शेकडो, तुमचं वेगळं दिसायचं कसं? आणखी एक घटक घाला, नावामागे ‘प्लस’ किंवा ‘फोर्ट’ लावा. डॉक्टरांनाही ती सोयीची पडते, आणि ते मला जास्त खटकतं. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल सर्रास लिहिलं जातं. एक जिवाणूंवर, दुसरं अमिबावर. समोरच्या माणसाला यांतलं एकच असणार. पुष्कळदा दोन्ही नसतं, विषाणू असतो, आणि त्याला ओआरएस सोडून काही लागत नाही. आजार ओळखायचे श्रम गोळीवर ढकललेले आहेत. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ ते २०१२ या काळात भारतात विकल्या गेलेल्या प्रतिजैविकांच्या ११८ जोडण्या मोजल्या. त्यांतल्या ६४ टक्क्यांना आपल्या संघटनेच्या मंजुरीची नोंद नव्हती.

दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम देशात २०१० पासून चालू आहे. आम्हीही मुलांना अर्ज भरायला शिकवला. तीन घटकांची गोळी घेऊन अंगावर पुरळ उठलं, तर रकान्यात कुठल्या घटकाचं नाव लिहायचं? संशयित म्हणून तिघंही. पुढच्या वेळी रुग्णानं काय टाळायचं? तिन्ही. त्याला एका वेदनाशामकाची अ‍ॅलर्जी होती, आता त्याच्या कागदावर तीन नोंदी झाल्या आणि उपयोगी औषधं हातची गेली.

२०२५ च्या शरदात छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या दवाखान्यांत आली, मूत्रपिंडं बंद पडून. वीसहून जास्त मुलं गेली. कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. अपराध त्या विषारी द्रावकाचा होता, जोडणीचा नव्हता, आणि दोन्हींची सरमिसळ मी करणार नाही. (१९८६ मध्ये जे.जे. रुग्णालयात याच द्रव्यानं १४ जणांचा जीव घेतला होता आणि लेंटिन आयोगानं औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली होती.) मला वेगळाच प्रश्न पडतो. त्या औषधात पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन होतं. यांतली शेवटची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं आपल्याच कार्यालयानं डिसेंबर २०२३ मध्ये कळवलं होतं. साधी सर्दी आपोआप बरी होते. द्रावक शुद्ध असतं तरी ती बाटली त्या वयाच्या मुलांच्या घरात कशाला पोचायला हवी होती?

महोदय, आणखी एक समिती नेमा असं मी म्हणत नाही. समित्यांनी आपलं काम केलेलं आहे. मंजूर जोडण्यांची यादी आपल्या संकेतस्थळावर आहे, त्यात नाव आणि तारीख मिळते. मंजुरी कशाच्या आधारे दिली ते मिळत नाही. प्रत्येक नावापुढं एवढं टाका: चाचणी कुठं झाली, किती रुग्णांवर, तुलना कशाशी केली, रक्तातली पातळी मोजली का, आणि निकाल. चाचणी माफ केली असेल तर ती कुणी आणि का माफ केली. २००९ पासून प्रत्येक चाचणीची नोंद सक्तीची आहे, म्हणजे निदान तेव्हापासूनचे कागद असायला हवेत. पट्टीवर राज्याच्या परवान्याचा क्रमांक छापतात, त्याशेजारी केंद्राच्या मंजुरीचा क्रमांक आणि वर्ष छापणं सक्तीचं करा. क्रमांक नाही ती पट्टी औषध विक्रेता स्वतःच परत पाठवील, कारण धाड पडली तर दंड त्याला बसतो. आणि यापुढं राज्यांना पत्र पाठवताना कंपन्यांबरोबर परवाना देणाऱ्या कार्यालयाचंही नाव यादीत असू द्या.

एकदम सगळं जमणार नसेल तर सुरुवात ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलपासून करा. त्याच्या गोळ्या माझ्या घराजवळच्या प्रत्येक दुकानात आहेत. या जोडीच्या मंजुरीची फाइल, आतल्या चाचणीच्या अहवालासह, संकेतस्थळावर ठेवावी. तीस दिवसांत ती दिसली नाही तर मी माहिती अधिकाराखाली अर्ज करणार आहे, आणि माझे काही जुने विद्यार्थी आपापल्या गावातून एकेका जोडगोळीसाठी तसाच अर्ज करायला तयार आहेत.

कळावे.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
सोलापूर